नोटीस चिकटली, धोका तिथेच

मे महिना संपत आला की मामाचा फोन येतो. "आली बरं का नोटीस." एवढंच. आवाजात भीती नसते, राग पण नसतो, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

मामा जुन्या नाशकात एका वाड्यात राहतो. भाडेकरू. आजोबांच्या काळापासून तीच तीन खणांची जागा, वर पोटमाळा, लाकडी तुळया, माती-विटांच्या भिंती, आणि मागच्या भिंतीला आता चांगलंच पोट आलंय. पाऊस लागला की माती पाणी पिते, भिंत जड होते, आणि मग ऊन पडलं की ती सुकताना सुटत जाते. वाडे पडतात ते बऱ्याचदा मुसळधार पावसातच नाही, तर पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी पण पडतात, हे जुन्या नाशकातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, सांगेल. महापालिकेच्या नोटिशीत असं लिहिलेलं असतं की इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, नाहीतर काही झालं तर जबाबदारी तुमची. दाराच्या चौकटीवर चिकटवलेली. गेल्या वर्षीच्या नोटिशीचा गोंद अजून तिथे दिसतो.

आता मी हे का लिहितेय. मी नाशिकच्याच अंबडला एका कंपनीत सेफ्टीमध्ये काम करते, आता सतरा वर्षं होतील. माझं रोजचं कामच हे आहे की धोका कुठे आहे, कोणाला आहे, आणि त्याचं काय करायचं. त्यामुळे संध्याकाळी घरी आले तरी डोकं तसंच चालतं. रस्त्यावरचं उघडं चेंबर दिसलं, शाळेसमोर लोंबकळणारी वायर दिसली, की मला आधी आमचं धोक्यांच्या नोंदीचं रजिस्टर आठवतं. आणि मामाची नोटीस हातात घेतली की दरवेळी एकच प्रश्न पडतो, की हा धोका आता नक्की कोणाच्या नावावर आहे?

कंपनीत लागले तेव्हा माझ्या सिनियरने पहिल्याच आठवड्यात शॉपफ्लोअरवर नेऊन दाखवलं होतं, जमिनीवर तेल सांडलंय तो हॅझर्ड, आणि शिफ्ट सुटल्यावर त्यावरून चाळीस माणसं जाणार आहेत ती रिस्क. तेल पुसलं तर दोन्ही संपलं. बॅरिकेड लावलं तर रिस्क कमी झाली. आणि नुसता 'सावधान' असा बोर्ड लावला तर? तर तेल तिथेच आहे, माणसं पण तिथूनच जाणार आहेत, फक्त कोणी पडलं की आपण बोर्डाकडे बोट दाखवायला मोकळे. आमच्या धंद्यात उपायांची उतरंड असते, सगळ्यात वर धोका मुळातून काढून टाकणं, मग त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणणं, मग मशीनला गार्ड वगैरे बसवणं, मग सूचना-ट्रेनिंग-बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-ग्लोव्हज. सूचना ही खालून दुसरी पायरी आहे. नोटीस म्हणजे सूचनाच.

कायद्याच्या बाजूने नोटीस बरोबरच आहे, तेही सांगते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, त्याचं कलम २६४ धोकादायक बांधकामांसाठीच आहे, त्यात आयुक्तांना नोटीस द्यायचा अधिकार आहे आणि धोका अगदी तोंडावर असेल तर माणसं बाहेर काढायचाही अधिकार आहे. शिवाय राज्यात अशा इमारतींची वर्गवारी करायची पद्धत आहे, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती चालेल, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. चांगली पद्धत आहे ही. कारण सगळ्या वाड्यांना एकच शब्द 'धोकादायक' लावला की काय होतं, जो उद्या पडणार आहे आणि जो दहा वर्षं टिकणार आहे ते दोघं एकाच यादीत शेजारी शेजारी बसतात, आणि राहणारा माणूस म्हणतो, दरवर्षी सांगतात, पडत तर नाही.

मी दोन वर्षांपूर्वी मामाला सरळ म्हटलं, मामा, चार महिने आमच्याकडे ये ना राहायला, इंदिरानगरला, एक खोली रिकामीच आहे. तो म्हणाला, "तुझं खरंय गं. पण मी कुलूप लावून निघालो आणि मागून वाडा उतरवला, तर मी इथे राहत होतो, एवढी जागा माझ्याकडे होती, हे मी कोणाला दाखवू? लाईट बिल?" मालकांच्या वारसांचा आपसात दावा चालू आहे, त्यांना वाडा पडला तर वाईट वाटणार नाही, असं मामाला वाटतं. खरं खोटं मला माहीत नाही. पण त्याचं तिथे राहणं हा हट्ट नाही, हिशोब आहे. भिंत पडायची भीती एका पारड्यात आणि जागा जायची भीती दुसऱ्या पारड्यात, आणि दुसरं पारडं रोज जड असतं, पहिलं फक्त पावसाळ्यात.

आणि इथेच मला वाटतं खरं रिस्क मॅनेजमेंट सुरू व्हायला पाहिजे. कारण यावर उपाय आहे, आणि तो नोटिशीपेक्षा स्वस्त आहे. इमारत रिकामी करायच्या आधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यात किती जागा आहे ते मोजायचं, नोंदवायचं, आणि तसा दाखला त्याच्या हातात द्यायचा, अशी तरतूद राज्याच्या सूचनांमध्ये आहेच. म्हणजे एक माणूस टेप घेऊन यायला पाहिजे, एक कागद निघायला पाहिजे. तो कागद मामाच्या हातात पडला तर तो त्याच संध्याकाळी बॅग भरेल, मी लिहून देते. पण ही गोष्ट लोकांना माहीतच नाही, मलाही गेल्या वर्षापर्यंत नव्हती, आणि नोटिशीवर हे छापलेलं मी तरी पाहिलं नाही. माणूस धोका सोडून का जात नाही, हे जोपर्यंत कोणी विचारत नाही तोपर्यंत तुम्ही कितीही नोटिसा लावा.

काझी गढीचं तेच. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोदावरीच्या काठावर मातीचं उंच टेकाड आहे, जुन्या वस्तीचं, त्यावर दाटीवाटीने घरं. जोराचा पाऊस झाला की कडेची माती ढासळते, घराचा एखादा कोपरा अधांतरी होतो. दर पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या लोकांना हलायला सांगतात, संरक्षक भिंतीची चर्चा होते, पाऊस संपतो, चर्चा संपते. मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. आमच्या रजिस्टरला असा धोका असता ना, दरवर्षी तोच, त्याच तारखेला, त्याच शब्दात, तर ऑडिटरने पहिला प्रश्न विचारला असता, की हा आयटम बंद का होत नाहीये आणि तुमच्याकडे याची फाईल कोण सांभाळतं, त्याला इथे बोलवा.

बरं, नाशिकला धोका मोजता येत नाही असं अजिबात नाही. आमच्याकडे देशातलं सगळ्यात सुंदर धोक्याचं मीटर आहे, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच विचारतं, मारुतीला कुठपर्यंत लागलं? पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. आणि यावर नुसत्या गप्पा होत नाहीत, निर्णय होतात. अमुक ठिकाणी पाणी आलं की भांडी बाजारातले लोक खालचा माल वर चढवतात, सराफ बाजारातले दुकानदार शटरच्या आत काय ठेवायचं आणि काय घरी न्यायचं ते ठरवतात, गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, टपऱ्या ट्रकमध्ये चढतात. कोणी आदेश द्यावा लागत नाही. आमच्या भाषेत याला ट्रिगर लेव्हल म्हणतात, म्हणजे इथपर्यंत आलं की हे करायचं, विचार करत बसायचं नाही. २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, तिन्ही पुरांत मी हे बघितलंय.

आता यामागे यंत्रणा केवढी आहे बघा. धरणाचे दरवाजे पाटबंधारेवाल्यांच्या हातात, म्हणजे जलसंपदा विभाग. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्यात जिल्ह्याचं प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे. शहरातली माणसं हलवणं, बोटी, अग्निशमन, पूर ओसरल्यावरचा गाळ हे महापालिकेकडे. गर्दी पोलिसांकडे. एकच पाणी चार ऑफिसांतून वाहतं. आणि होळकर पुलाखालून जे जातं ते नुसतं धरणाचं नसतं, धरणाच्या खाली पडलेला पाऊस आणि शहरातले नाले पण त्यात येतात, म्हणून धरणातून पाणी सोडलं नाही तरी सराफ बाजारात पाणी शिरू शकतं, कारण तिथला सरस्वती नाला जमिनीखालून जातो आणि त्याला जागाच उरली नाहीये. मारुती नदीचं सांगतो, नाल्याचं नाही सांगत. नाल्यासाठी दुसरं मीटर पाहिजे, आणि ते नालेसफाईचं आहे, ते पावसाळ्याआधी वाचावं लागतं.

पूररेषा पण तशीच. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. लोकांना वाटतं शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही. तसा त्याचा अर्थ नाही, दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा आहे, आणि ती लागोपाठ दोन वर्षी पण येऊ शकते. हे घर घेताना कोणी समजावत नाही.

एक दिवस मात्र असा आहे की त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. २१ एप्रिल २०२१. डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटल, महापालिकेचं, कोविडची दुसरी लाट. टाकीत ऑक्सिजन भरताना गळती झाली, दाब कमी झाला, आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. आग नाही, इमारत पडली नाही, बाहेरून बघणाऱ्याला फक्त पांढरा धूर दिसत होता. मी तेव्हा ऑफिसात होते, मोबाईलवर तो व्हिडिओ आला आणि आमच्या मेंटेनन्सचा माणूस पटकन म्हणाला, व्हॉल्व्ह बंद करा की, आणि मग सगळे गप्प झाले, कारण बंद करायचा कुठला आणि तो बंद केला तर वर काय होईल हे त्या क्षणी कोणाला माहीत असणार?

त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली होती. त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, व्हायलाच पाहिजे होते. आणि तीन महिन्यांनी नाशिकला जे घडलं ती आग नव्हतीच. मला या दोन तारखांमधून जे शिकायला मिळालं ते कुठल्या कोर्समध्ये मिळालं नाही. आपण नेहमी मागच्या अपघाताचं ऑडिट करतो. पुढचा अपघात शोधायचा असेल तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो, की या इमारतीत अशी एक कुठली गोष्ट आहे की जी बंद पडली तर सगळं बंद पडेल? आणि ती बंद पडली तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करणार, रात्री तीन वाजता, सिनियर घरी असताना? पाणीपुरवठ्याला, पंपिंग स्टेशनला, दवाखान्याला, स्मशानभूमीला सुद्धा, हाच प्रश्न लावता येतो. नाशिकचं पाणी मुख्यतः गंगापूर आणि मुकणे धरणांतून येतं, शनिवारी शटडाऊन घेऊन दुरुस्ती करतात तेव्हा लोक वैतागतात, मीही वैतागते, पण खरं सांगायचं तर ठरवून घेतलेला शटडाऊन हेच चांगल्या देखभालीचं लक्षण आहे, वाईट तो जो न सांगता होतो.

आता देखरेख कोण करतं. हा भाग थोडा कोरडा आहे पण सोडू नका. आपली महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ची. आयुक्त म्हणजे कारभार चालवणारे, महासभा म्हणजे सगळे नगरसेवक, आणि स्थायी समिती सोळा जणांची, तिच्याकडे पैशाच्या चाव्या, ठेके, मंजुऱ्या. मुख्य लेखापरीक्षक आयुक्तांकडे नाही तर स्थायी समितीकडे अहवाल देतो, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय. आमच्याकडे वेल्डिंगचं परमिट जो देतो तो आणि वेल्डिंग जो करतो तो, ही दोन माणसं वेगळी असावीच लागतात, कितीही घाई असली तरी. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा कायद्याने एकच माणूस. त्या काळात कोणी चुकीचं काही केलं असं मी म्हणत नाहीये, अजिबात नाही, कामं झाली, चांगलीही झाली. पण परमिट देणारा आणि वेल्डर एकच असला आणि आग लागली नाही, तर ती पद्धत बरोबर होती असं आम्ही म्हणत नाही. राज्यात इतक्या महापालिका इतकी वर्षं अशा राहिल्या याचं मला आजही वाईट वाटतं. आता १२२ नगरसेवक आहेत, आता विचारता येईल.

विचारायचं काय, यावर माझ्या मावसबहिणीशी बोलणं झालं. ती इंग्लंडमध्ये असते, तिथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेच्या, वेबसाईटवरून तिने मला एक कागद पाठवला, रिस्क रजिस्टर. मी बसून सगळा वाचला, रात्री एक वाजेपर्यंत. अगदी आमच्यासारखाच! धोका काय, होण्याची शक्यता एक ते पाच, झालं तर नुकसान एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार, पंचवीसच्या जवळ गेलं की लाल. उपाय करायच्या आधीचा आकडा वेगळा, उपाय केल्यानंतर उरलेला वेगळा. आणि प्रत्येक ओळीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद. काही महिन्यांनी ऑडिट कमिटी बसते, निवडून आलेले सदस्य एकेका लाल ओळीवर विचारतात की मागच्या वेळी पण हा लालच होता, काय केलं? आणि हे सगळं कोणालाही घरबसल्या वाचता येतं. वाड्यांसारखे धोके त्यात होतेच, पण माणसं कमी असणं, ठेकेदार बुडणं, कॉम्प्युटरवर हल्ला होणं, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचा खर्च हाताबाहेर जाणं, हे पण धोके म्हणून लिहिलेले होते. हे मला फार आवडलं.

पण तिने एक गोष्ट सांगितली आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. कागद असून सुद्धा तिकडे काय काय झालं. लंडनमधला ग्रेनफेल टॉवर, १४ जून २०१७, ७२ माणसं गेली, आणि तिथले रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून सांगत होते. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे पैसेच संपले, नवीन खर्च बंद. रजिस्टर तिथेही असणारच. म्हणजे खालून येणारी माहिती रजिस्टरमध्ये चढली नाही तर ते रजिस्टर म्हणजे रंगीत कागद. आमच्याकडे नियर मिस म्हणतात, लागलं नाही पण थोडक्यात वाचलं, ते कामगार येऊन लिहितो तेव्हाच मला कळतं, आणि लिहिणाऱ्याला कोणी ओरडलं की दुसऱ्या दिवसापासून नियर मिस शून्य होतात. शून्य नियर मिस असलेला विभाग दिसला की मी आधी तिथे जाते.

ठेक्यांचं थोडक्यात सांगते. महापालिकेची सिटीलिंक बस जुलै २०२१ पासून सुरू झाली, बस आणि चालक ऑपरेटरचे, वाहक ठेकेदाराकडून. ठेकेदाराकडून पगार थकले म्हणून कर्मचाऱ्यांनी एकापेक्षा जास्त वेळा काम बंद केलं आणि बस डेपोतच उभ्या राहिल्या. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ठेकेदार कोण हे माहीत नसतं, तिला स्टॉपवर बस दिसत नाही एवढंच दिसतं. काम ठेक्याने देता येतं, धोका ठेक्याने देता येत नाही. घंटागाडी, पाणी, दिवे, सगळीकडे हेच. पगार वेळेवर होतोय का हे दर महिन्याला तपासणं, हे सुद्धा प्रवाशांच्या सुरक्षेचंच काम आहे.

आणि आपण स्वतः? आमच्या सोसायटीचं सांगते, नाव लिहीत नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला, फॉर्म बी भरून द्यावं लागतं. आमचा जात होता, नियमित. एका रविवारी मी तिसऱ्या मजल्यावरचा होजरील, म्हणजे आग विझवायची गुंडाळलेली नळी, उघडला, सहज नाही, मुद्दामच, चार शेजाऱ्यांना बोलावून, आणि पाणी आलं नाही. नुसती हवा आली, आणि मग थोडं गंजलेलं तांबडं पाणी, आणि मग तेही थांबलं. पंपाचा पॅनल बंद होता, किती दिवसांपासून कोणाला माहीत नाही. त्या वर्षीचा फॉर्म फाईलला व्यवस्थित लावलेला होता, सही शिक्क्यासकट. अग्निशमन दलाची माणसं शहरभरच्या प्रत्येक इमारतीचा प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवू शकत नाहीत हे मला माहितीये, म्हणूनच ती सही विश्वासावर असते. आम्ही एजन्सी बदलली आणि आता फॉर्म द्यायच्या आधी सोसायटीतल्या दोन घरांनी समोर उभं राहून पाणी बघायचं असं मीटिंगमध्ये लिहून घेतलं. पाण्याचा जोर गच्चीपर्यंत येतो का ते मुलं बघतात, त्यांना मजा वाटते, आणि त्यांना व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाठ झालंय.

सिंहस्थाचं लिहिल्याशिवाय नाशिककराचा हा विषय पूर्ण होत नाही. २७ ऑगस्ट २००३, सरदार चौकातली चेंगराचेंगरी, ३९ माणसं. अरुंद उताराचा रस्ता आणि वरून येणारी गर्दी, मागच्याला पुढचं दिसत नाही. न्यायमूर्ती रमणी आयोग बसला. मग २०१५ ला नवीन घाट बांधले, गर्दी वेगवेगळ्या घाटांवर वळवली, आणि पहिल्या शाही स्नानाला तर बंदोबस्त एवढा कडक होता की भाविकांना कित्येक किलोमीटर चालावं लागलं, शहरभर ओरड झाली, आणि पुढच्या पर्वणीला तो सैल केला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, की त्यांनी एक उपाय केला, तो जास्त झाला हे मान्य केलं, आणि पंधरा दिवसांत बदलला, आणि २००३ सारखं काही झालं नाही. हे जमतं आपल्याला. आता २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा अमृतस्नानं, म्हणजे पूर्वीची शाही स्नानं, आहेत, त्यासाठी वेगळं प्राधिकरण पण झालंय, सगळं लक्ष गोदाघाट, रस्ते, पूल याकडे आहे. माझी विनंती एवढीच की ज्या गल्ल्यांमधून लोक रामकुंडाकडे येतात त्या गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना हेच वाडे आहेत. पर्वण्या भर पावसाळ्यात आहेत. गर्दीचा धोका आणि वाड्याचा धोका दोन वेगळ्या फायलींमध्ये असेल तर भिंत कुठल्या फाईलमध्ये पडणार?

तर मामाकडे परत येते. गेल्या रविवारी गेले होते. मामीने चहा ठेवला, मी भिंतीवर पेन्सिलने दोन खुणा केल्या आणि त्यांच्यामधल्या भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घातली, ती फाटली तर भेग वाढतेय असं समजायचं आणि त्याच रात्री निघायचं, मामाला तीनदा म्हणून घेतलं. हा झाला आमचा ट्रिगर. मग अर्ज लिहिला. तीनच मागण्या लिहिल्या, या वाड्याची वर्गवारी सी-१ आहे की सी-२ आणि ती कोणी, कधी तपासून ठरवली ते कळावं, भाडेकरूंच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप करून दाखला द्यावा, आणि यावर कार्यवाही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि तारीख लेखी कळवावी. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना रेकॉर्ड बघता येतं, तेव्हा फाईल पण बघून येऊ म्हटलं. मामा आधी नको म्हणत होता, कशाला उगाच नजरेत यायचं. मग चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "खण लिही तीन, आणि पोटमाळा विसरू नकोस." वाड्यातल्या आणखी दोन घरांनी पण सही केली. सोमवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी मी टाकलीये.